मिक्सर दिला, तुझी सहीही गेली

पुणे, रविवार रात्र

प्रिय शऱ्या,

आधी पोटभर शिव्या घालून घे. सात महिने फोन नाही, आणि तुझ्या मोतीबिंदूच्या वेळी व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा. (तोसुद्धा सुधाने माझ्या फोनवरून पाठवला होता, पण ते जाऊ दे.) इकडे सगळे बरे. माझी साखर आहे तिथेच आहे. आई कानांनी अधू झालीये, बाकी ठणठणीत.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच हसतोस आणि मग माझं पुढचं राहतं. तर ऐक. आईचा सुमीत मिक्सर मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला.

हो, तोच. ज्याच्या बुडाच्या झाकणावर आतल्या बाजूने तू खिळ्याने कोरलं होतंस: 'कार्बन बदलले, दसरा 91. मजुरी पुरणपोळ्या 4, पैकी 2 येणे.' दुकानातून घरी आलो, रिक्षातून नवा खोका उतरवला आणि जिन्यात आठवलं, अरे, झाकण! परत गेलो तर टेम्पो भरून निघून गेला होता.

बिघाड काय होता तेही सांगतो, म्हणजे तुझा संताप पुरा होईल. दाण्याची चटणी वाटताना बुडाच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या आणि तो वास आला. मी तिथेच ओळखलं, कार्बन, मोटरला वीज पोचवणारे ते दोन ठोकळे. झिजून झिजून आखूड झाले, मागच्या स्प्रिंगचा रेटा पुरेना, की ठिणग्या उडणारच. हे तूच शिकवलंस. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन जोडी घेऊनही आलो. अमृततुल्यमध्ये दोन चहा आणि क्रीमरोल होतील एवढे पैसे. जोडी ड्रॉवरमध्ये टाकली. आज करू, उद्या करू. चष्मा लावून स्क्रू दिसेना, शेवटी नारायण पेठेतल्या मिस्त्रीकडे नेला. तो म्हणाला, चार दिवस ठेवून जा.

चार दिवस! मला ते सहनच झालं नाही रे. बाहेर आलो तर समोरच्या दुकानावर पाटी, कोणताही जुना मिक्सर आणा, 500 रुपये सूट. पोराने चालू करूनही बघितला नाही. मी म्हटलं, "अहो, फक्त कार्बन गेलेत." तर म्हणे, "काका, चालू असो, बंद असो, रेट तोच." आणि नाव काय वस्तूचं, तर सुमीत! 500 रुपयांत.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. चार दिवस मला जड का जावेत? तुमच्या अण्णांनी चेतक स्कूटर 74 साली नोंदवली आणि 82 साली आली. कारखाना तिकडे आकुर्डीत, सायकलवरून जाऊन फाटकातून बघून यायचो आपण. आठ वर्षं कुणी तक्रार केली नाही, उलट नंबर लागला तेव्हा पेढे वाटले. दुकानं एक ते चार बंद, तर चारपर्यंत ओट्यावर बसून राहणारी आपण माणसं. आणि आता धाकटा फोनवर मोसंबी मागवतो, दहा मिनिटांत येतात, अकरावं मिनिट लागलं की मीच गॅलरीत जाऊन वाकून बघतो. मी! परवा तर कहर झाला. खाली मावशी हातगाडी घेऊन उभ्या, आणि मी वर फोनवरून कोथिंबीर मागवली. तो मुलगा आणि मावशी एकाच वेळी फाटकात. त्या वर बघून हसल्या फक्त. दुसऱ्या दिवशी मुद्दाम खाली जाऊन दहा रुपयांच्या मिरच्या घेतल्या, तर त्यांच्या गाडीवरचा डबा ठणाणा ओरडला, दहा रुपये प्राप्त झाले. आख्ख्या सोसायटीला माझ्या प्रायश्चित्ताची रक्कम कळली. कढीपत्ता मात्र त्यांनी फुकट घातला, नेहमीसारखा.

थोरल्याला सांगितलं तर तो म्हणतो, बाबा, सरकारने 2022 मध्ये राईट टू रिपेअरचं पोर्टलच काढलंय, दुरुस्ती हा ग्राहक म्हणून तुमचा हक्क आहे. अरे, इथे हक्क होता, पेचकस होता, कार्बनसुद्धा होते. त्याच्या त्या इयरबडचं, कानातल्या शेंगदाण्यांचं म्हण, एकवेळ पटेल. बॅटरी उतरली म्हणून मी एक उघडायला गेलो, स्क्रूच नाही, सगळं डिंकाने चिकटवलेलं. सुरी लावली तर कवच फुटलं. बिनस्क्रूच्या वस्तू येणार म्हणून तू पक्याच्या लग्नात माझ्याशी भांडला होतास, ते तुझं बरोबर निघालं. (एवढंच. तो AC128 ट्रान्झिस्टर तूच जाळला होतास, उलटा जोडणारा मी नव्हे.) पण सुमीतला बुडाला चार चांगले स्क्रू होते. त्या माथुर इंजिनिअरची गोष्ट तू दहादा तरी ऐकवली असशील, बायकोचा जर्मन मिक्सर आपल्याकडच्या वाटणाने जळाला, इथे दुरुस्त होईना, म्हणून त्याने स्वतः बनवला. दुरुस्ती होत नाही या रागातून जन्मलेला मिक्सर, आणि मी...

आईला सांगितलेलं नाही. आवाज बदलला हे तिला ऐकू येत नाही. पण चटणी तोंडात घालून म्हणाली, "आज कुणी वाटली?"

तुझं काय? गुडघ्याचं मनावर घे. चिंगीचं ठरलं हे पक्याकडून कळलं, मुलगा बडोद्याचाच ना? बरं झालं. तारीख कळव, आम्ही येतोच.

हां, तर आज सकाळी जुन्या बाजारात गेलो. हसू नकोस. तीन सुमीत मिळाले, तिन्ही उपडे करून मोबाईलच्या उजेडात जाळीतून बघत बसलो. गाडीवाला वैतागून म्हणाला, "काका, मोटर ओके आहे, काय बघताय?" म्हटलं, अक्षर. आपला नव्हताच त्यात. पण एक घेऊन आलो, 350 ला. घरी लावला तर नुसता घूं करतो, फिरत नाही. हाताने ढकलला की अर्धी फेरी मारून थांबतो. हे आर्मेचर गेलंय की बुश जाम? ड्रॉवरमधली जोडी त्याला चालेल का बघावं म्हणून बूड उघडायला घेतलं, तीन स्क्रू निघाले, चौथा गंजलाय. तू अशा वेळी रॉकेलचे दोन थेंब सोडायचास. आता पुण्यात रॉकेल कुठून आणू ते कळव.

तुझा,
नंदू

ता. क. आईला आडून विचारलं. ती म्हणते, चारही दिल्या होत्या.