पूर्व, पश्चिम आणि फिनिक्सचे ४८ विजय

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा आणि तिच्या ईस्ट-वेस्ट या दोन गटांचा (कॉन्फरन्सचा) विषय निघाला, तर "बाबा, ईस्टमध्ये दमच नाही" असं म्हणून तू विषयच मिटवलास, आणि तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला. म्हणून हे पत्र.

तुम्हा फिनिक्सवाल्यांचं २०१४ चं दुखणं मला मान्य आहे. ८२ पैकी ४८ सामने जिंकून तुमचा सन्स संघ वेस्टमध्ये नववा, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, दोन्हीकडचे पहिले आठच, म्हणजे घरी. आणि तिकडे ईस्टमध्ये ३८ जिंकून ४४ हरलेलं अटलांटा आठव्या नंबरावर प्लेऑफमध्ये. चीड येणारच. पण पुढचं तू सांगत नाहीस. त्याच अटलांटाने ईस्टमधल्या अव्वल इंडियानाला सातव्या, म्हणजे शेवटच्या, सामन्यापर्यंत झुंजवलं. आता यात अटलांटाचा दम दिसला की इंडियानाचा पोकळपणा? ईस्टमधल्या ईस्टमध्ये बघून ते कळायचं नाही. त्याच फेरीत वेस्टच्या आठव्या डॅलसने सॅन अँटोनियोलाही सात सामने खेळायला लावले, आणि पुढे त्याच सॅन अँटोनियोने फायनलमध्ये मायामीला ४-१ लोळवलं. या दोन मालिका शेजारी ठेवल्यास तर तुझी बाजू उभी राहते. (ही मदत फुकट.)

लेब्रॉन जेम्स या बड्या खेळाडूचा तुझा दाखला मात्र सोडून दे. ईस्टमधून सलग आठ फायनल, आणि २०१८ मध्ये वेस्टच्या लेकर्सकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी प्लेऑफ हुकलं, हे खरं. पण त्या मोसमात तो जायबंदी होऊन बरेच सामने बाहेर होता, आणि लेकर्सचे विजय ३७. ईस्टचा आठवा डेट्रॉइट ४१ वर होता. म्हणजे तिकडे असते तरी बाहेरच!

शिवाय संघ आपल्याच कॉन्फरन्समध्ये ५२ सामने खेळतो आणि पलीकडच्या १५ संघांशी दोन-दोन करून फक्त ३०. मग इकडचे ४८ आणि तिकडचे ४८ सारखे कसे? आठवीत अकरावा नंबर आला तेव्हा "अ तुकडी आहे बाबा" असं तूच ऐकवलं होतंस. खरा हिशोब आमनेसामनेच्या साडेचारशे सामन्यांचा. आणि त्यातूनही कळते ती सरासरी. २००४ मध्ये सगळे वेस्टचे गोडवे गात होते, तेव्हा डेट्रॉइटने लेकर्सना ४-१ हरवून करंडक नेला.

यंदा मी बँकेच्या डायरीत दोन रकाने आखलेत. ईस्ट-वेस्ट सामना झाला की जिंकणाऱ्याच्या रकान्यात एक काडी. तुमच्याकडचा संध्याकाळी सातचा सामना इथे सकाळी साडेसातला लागतो, नेमका दूधवाला येतो तेव्हा, त्यामुळे काही काड्या आईच्या हातच्या आहेत. मेम्फिस वेस्टचा संघ, पण त्याच्या काड्या तिने ईस्टमध्ये मारल्यात. नकाशा काढून दाखवला तर म्हणते, मिसिसिपीच्या पूर्वेच्या काठावर आहे की. आहेच.

तुझा,
बाबा