चाचणी रंगखात्याच्या पाण्यावर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाच्या मदतीने पाण्यातले प्रदूषक नष्ट करणाऱ्या लेपांविषयीचं आपल्या अंकातलं वृत्त वाचलं. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या आणि कापडाच्या रंगखात्यात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला अशा बातमीचा आनंद होणारच. पण निळं पाणी नितळ झालं, एवढ्यावरच ती थांबली, म्हणून हे पत्र.

यामागचं तत्त्व जुनं आहे. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचं विघटन करून दाखवलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही पूड. अतिनील किरण पडले की तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील, अल्पजीवी कण) तयार होतात आणि ते सेंद्रिय रेणू तोडतात. पूड पाण्यात कालवली तर नंतर गाळून काढणं जिकिरीचं, म्हणून काचेवर लेप देतात. मात्र मग पाणी लेपाला भिडलं पाहिजे आणि किरणही तिथवर पोचले पाहिजेत. उन्हात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के. गडद पाण्यात तोही वरच्या वर अडतो.

खरी अडचण पुढे आहे. प्रयोगशाळेत बहुतेकदा शुद्ध पाण्यात थोडं मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य घालून चाचणी होते. जिगरमधून, म्हणजे कापड रंगवण्याच्या यंत्रातून सुटणारं पाणी तसं नसतं. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायला भरपूर मीठ लागतं, तो पक्का करायला सोडा अ‍ॅश. न चढलेल्या रंगाबरोबर हे सगळं गटारात येतं, आणि त्यातले सोड्याचे कार्बोनेट व मिठाचे क्लोराइड रंगाच्या आधी स्वतःच रॅडिकल खाऊन टाकतात. शुद्ध पाण्यातल्या यशावरून इथला अंदाज बांधणं म्हणूनच धोक्याचं आहे.

शिवाय कापडासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅझो रंगातला नायट्रोजनचा दुवा तुटला की रंग जातो, पण रेणूचे तुकडे पाण्यातच राहतात आणि त्यातले काही विषारी असू शकतात. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते नदीत सोडायचं का? सीओडी (पाण्यातले पदार्थ रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजल्याशिवाय कुणीही शुद्धतेचा दावा करू नये, आणि वर्तमानपत्रांनीही तो छापू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लेप टाकाऊ आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. स्पेनमधल्या आल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रात उघड्या उन्हात या तंत्रावर अनेक वर्षं काम झालं आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठातही पातळ लेपांचे जाणकार आहेत. सामायिक सांडपाणी प्रकल्पात जैविक प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी बरंच निवळलेलं असतं. त्याचा एक लहान प्रवाह प्रदूषण नियंत्रण मंडळाने चाचणीसाठी द्यावा, वर्षभर नोंदी ठेवाव्यात आणि लेप किती दिवसांनी निकामी होतो, पुन्हा द्यायला खर्च किती येतो, हेही जाहीर करावं. त्यात ढगाळ आषाढ-श्रावणातले आकडे असलेच पाहिजेत.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी