शतावरीच्या नावाखाली पाठवलेल्या सहा शोभेच्या रोपांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रोपविक्री विभाग

विषय : देशी शतावरीऐवजी भलतीच वनस्पती पाठवल्याबाबत व ग्राहक सेवेच्या वर्तनाबाबत

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेशी आज दुपारी चौथ्यांदा बोलून झाल्यावर मी हे पत्र लिहायला बसले आहे. यापुढे मी फोन करणार नाही. जे सांगायचे ते लेखी सांगेन आणि उत्तरही लेखीच हवे. गेल्या वर्षी जून महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरील देशी औषधी वनस्पतींच्या विभागातून शतावरीची सहा रोपे १,१९४ रुपयांना मागवली. त्या पानावर ‘ॲस्परॅगस रेसिमोसस’ हे शास्त्रीय नाव स्पष्ट दिले होते आणि खाली ‘कमी पाण्यात व कडक उन्हात तगणारी बहुवर्षायू देशी वेल’ असे वर्णन होते. प्रत्यक्षात मला मिळाली ती ॲस्परॅगस सेटेशियसची रोपे, म्हणजे मूळची आफ्रिकेतील शोभेची वनस्पती, जिच्या फांद्या आमचे सीताबर्डीचे फूलवाले पुष्पगुच्छात गुलाबामागे खोचतात.

आपण रोपांचा व्यवसाय करता, तेव्हा या दोन वनस्पतींतला फरक मी आपल्याला समजावून सांगावा अशी वेळ यायला नको होती. शतावरीची सुईसारखी हिरवी पाने ही खरे तर पाने नसून रूपांतरित फांद्या असतात आणि त्या खोडाभोवती झुबक्यांनी येतात. आपण पाठवलेल्या रोपांच्या फांद्या मात्र इस्त्री केल्यासारख्या एकाच पातळीत सपाट पसरलेल्या आहेत. मोठा फरक जमिनीखाली आहे. शतावरीच्या बुडाशी बोटाएवढ्या जाड, पांढरट, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या मुळ्यांचा घोस असतो. त्यांत पाणी साठून राहते, म्हणूनच मे महिन्यात वरची वेल वाळून काडी झाली तरी पहिला पाऊस पडताच बुडातून नवा कोंब फुटतो. रामटेकला आईच्या परसात कुंपणावर अशी वेल होती. उन्हाळ्यात तिला कोणी तांब्याभर पाणी घातल्याचे मला आठवत नाही, आणि मृगाचा पाऊस पडून गेला की मातीतून वर आलेले तिचे कोंब मोजायला आम्ही भावंडे सकाळी चहाआधी परसात जात असू. आई गेली, ते घरही विकले गेले. तशी वेल आपल्या दारी असावी, एवढ्यासाठी मी आपल्याकडे आले होते.

आमच्या त्रिमूर्तीनगरच्या अंगणात काळी चिकट माती आहे; पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. साचलेल्या पाण्यात शतावरीच्या मुळ्या कुजतात, म्हणून मी पश्चिमेच्या भिंतीलगत दीड फूट उंच वाफा बांधून घेतला, त्यात मुरूम, वाळू आणि जुने शेणखत मिसळले आणि वेल चढवायला बांबू रोवले. २०१९ च्या जुलैत नागपूरला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेला आणि नागपुरात दिवसाआड पाणी आले, तेव्हापासून रोज नळाचे पाणी मागणारे नवे झाड लावायचे नाही असे आम्ही घरात ठरवले आहे. शतावरी निवडली ती याच कारणासाठी. रोपांसोबत आलेल्या कार्डावर ‘दररोज पाणी द्यावे, थेट ऊन टाळावे’ असे छापलेले आहे. संकेतस्थळावर एक आणि कार्डावर नेमके उलटे, हे आपल्याकडे कोणाच्याच नजरेस कसे आले नाही?

एप्रिलच्या शेवटी उन्हाचा पारा चढू लागला तशी सहाही रोपे पिवळी पडून झडू लागली. शतावरी उन्हाळ्यात वाळतेच, असे समजून मी आधी धीर धरला. मग एक रोप मुळासकट अलगद उपटले, बादलीत धुतले आणि वर्तमानपत्रावर ठेवले. दहा महिन्यांच्या त्या रोपाला केसांसारख्या बारीक मुळ्यांचे जाळे होते, जाड मुळी एकही नव्हती. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शेजारीणबाईंनी ते पाहताच ही शतावरी नव्हे असे सांगितले.

आता आजच्या संभाषणाविषयी. सव्वादोनला फोन लावला, वीस मिनिटे संगीत ऐकवले गेले. मग आलेल्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, पाणी किती देता?” मी म्हटले, प्रश्न पाण्याचा नाही, रोप चुकीचे आहे. ते म्हणाले, “सिस्टिममध्ये ॲस्परॅगस दाखवतंय आणि तुम्हाला ॲस्परॅगसच मिळालंय.” एकाच कुळातल्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत, मुळांचे छायाचित्र दोनदा पाठवले आहे, असे मी सांगितले. छायाचित्र उघडण्याची तसदी न घेता त्यांनी फोन वरिष्ठांकडे दिला. त्यांनी माझे बोलणे मध्येच तोडून सांगितले, “नागपूरच्या उन्हात काहीच टिकत नाही हो. तुम्ही आमची कृत्रिम रोपे बघा, त्यांना पाणीच लागत नाही, तुम्हाला दहा टक्के सूट देतो.” मी काही क्षण बोलूच शकले नाही. आईच्या अंगणातली वेल मागणाऱ्या बाईला प्लास्टिकची पाने देऊ करणाऱ्या माणसाला आपण वरिष्ठ म्हणून बसवले आहे. फोन ठेवल्यावर पाचच मिनिटांत ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे’ असा संदेश आला. समाधान कोणाचे झाले, हे मला लेखी कळवावे.

परतीची मुदत सात दिवसांची होती, हेही मला चारही वेळा ऐकवण्यात आले. बोटभर रोपावरून शतावरी की शोभेचे झाड, हे सामान्य ग्राहकाने सात दिवसांत कसे ओळखायचे? ते ओळखण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. शतावरीच्या मुळ्या लोक बाळंतिणीसाठी काढतात. औषधी म्हणून विकलेल्या या रोपांची मुळे उद्या कोणी दुधात उकळून दिली तर त्याला जबाबदार कोण? माझ्या पैशांपेक्षा मला याची काळजी अधिक वाटते. कार्ड चुकले, रोप चुकले, आणि तरी आपल्याकडे ‘पाणी किती देता’ हाच प्रश्न विचारला जातो.

मला १,१९४ रुपये परत हवेत. त्या पानावरची विक्री तत्काळ थांबवावी आणि गेल्या हंगामात ज्यांनी ही रोपे घेतली त्या सर्वांना, मुळांचा औषधी उपयोग करू नये, असे कळवावे. ई-वाणिज्यासाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते, त्यामुळे मला आपल्या शहरात यावे लागणार नाही. आपल्याकडून याआधी मी तीन वर्षे बियाणे घेतले आणि चार घरी आपले नाव सांगितले, त्याचे आज वाईट वाटते.

पावती, कार्ड, संकेतस्थळावरील पानाची प्रत आणि मुळांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उरलेली पाच रोपे मी वाफ्यातून काढून कुंडीत सावलीला ठेवली आहेत. ती न्यायला माणूस पाठवावा. मृग जवळ आला आहे आणि वाफा मला रिकामा हवा आहे.

आपली ग्राहक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर