कोहा बसवताना मराठी शोधाची चाचणी घ्या

महोदय,

संगणकीकरणासाठी अनेक ग्रंथालये ‘कोहा’ ही पुस्तके, सभासद व देवघेव सांभाळणारी मुक्त संगणक प्रणाली निवडतात, आणि ते योग्यच आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथे जानेवारी २००० मध्ये ती प्रथम वापरात आली. परवाना शुल्क नाही. छोट्या ग्रंथालयाला चार जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस असलेला साधा संगणक पुरतो. डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीवर अपाची (वेब सर्व्हर) व मारियाडीबी (माहितीसाठा) यांसह ती बसवायला जाणकाराला अर्धा दिवस लागतो. बहुतेक ठिकाणी काम इथेच संपले असे मानतात. मराठी ग्रंथालयाचे खरे काम इथून पुढे असते.

मूळ मांडणीत कोहाचा शोध ‘झेब्रा’ या अनुक्रमणिका बांधणाऱ्या प्रणालीवर चालतो. अक्षरे ओळखण्याची तिची मूळ मांडणी रोमन लिपीला धरून आहे. म्हणून पुस्तकाची नोंद पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसते, पण नाव टाकून शोधले की सापडत नाही. उपाय दहा मिनिटांचा आहे. झेब्राच्या डिफॉल्ट.आयडीएक्स या फाइलमध्ये ‘कॅरमॅप’च्या (रोमनला धरून असलेल्या अक्षरतक्त्याच्या) ओळी बंद करून ‘आयसीयू-चेन’च्या (इतर लिप्याही ओळखणाऱ्या पद्धतीच्या) ओळी चालू कराव्यात, झेब्रा पुन्हा सुरू करावी आणि संपूर्ण अनुक्रमणिका नव्याने बांधावी. ही शेवटची पायरी विसरली, तर आधी भरलेल्या नोंदी सापडणारच नाहीत.

दुसरी अडचण माहितीतली. जुन्या याद्या बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आणाव्या लागतात. युनिकोडमध्येही ‘ॲटलास’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चेही तसेच. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. एका कर्मचाऱ्याने भरलेले पुस्तक दुसऱ्याच्या कळफलकावरून शोधता येत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. नोंदी आयात करण्यापूर्वी एक्सेलमध्येच शोधा-बदला करून एक रूप ठरवून घ्यावे. दहा हजार नोंदी आत गेल्यावर हेच काम फार जड जाते.

बॅकअपबाबतचा गैरसमज सर्वांत घातक आहे. कोहा रोज रात्री बॅकअप घेते हे खरे, पण मूळ मांडणीत तो त्याच डिस्कवर पडतो आणि जेमतेम दोन दिवसांचा राहतो. डिस्क गेली की पुस्तके, सभासद, देवघेव सगळे एकदम जाते. रोजची प्रत दुसऱ्या संगणकावर आणि आठवड्याची प्रत इमारतीबाहेर गेलीच पाहिजे. मे आणि नोव्हेंबरमध्ये येणारी कोहाची मोठी आवृत्तीसुद्धा ताजी प्रत हातात असल्याशिवाय चढवू नये.

ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना कळकळीची विनंती आहे: बसवणाऱ्याचे शेवटचे देयक देण्यापूर्वी त्याच्याकडून दोन गोष्टी समोर करून घ्या. जोडाक्षरे असलेली वीस मराठी शीर्षके सभासदांच्या शोधपानावर शोधून दाखवायला सांगा. मग कालचा बॅकअप दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर चढवून त्यातून एखाद्या सभासदाचे खाते उघडून दाखवायला सांगा. या दोन्ही अटी कामाच्या आदेशातच लिहाव्यात. नंतर तोंडी मागून त्या मिळत नाहीत.

आपला,
एक वाचक