राहुल बजाज यांची खासदारकी

संपादक महोदय, राहुल बजाज म्हटलं की सगळे चेतक स्कूटर, तिच्या बुकिंगसाठी वर्षानुवर्षं थांबणं आणि आकुर्डीचा कारखाना एवढ्यावरच थांबतात, पण हा माणूस खासदार होता हे किती जणांना आठवतं? २००६ मध्ये प्रमोद महाजन गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर ते महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेत गेले आणि २०१० पर्यंत होते. खरं तर घरात हे नवीन नव्हतंच, आजोबा जमनालाल गांधीजींच्या जवळचे आणि वडील कमलनयन वर्ध्याचे लोकसभेतले खासदार. हार्वर्डला शिकून आलेला हा माणूस १९६८ पासून कंपनी सांभाळत होता आणि राहायलाही कारखान्याच्या आवारातच, आता असे मालक कुठे दिसतात सांगा! लायसन्स राजवर, म्हणजे उत्पादनासाठी सरकारी परवाने लागायचे त्या पद्धतीवर, ते उघड टीका करायचे, नंतर सरकार परदेशी कंपन्यांना दारं उघडत असताना आम्हा देशी कंपन्यांनाही समान संधी द्या म्हणून भांडले, त्यावर टीकाही झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण २०१९ ला मुंबईत भर कार्यक्रमात अमित शहांसमोर, उद्योगपती सरकारवर टीका करायला घाबरतात असं तोंडावर बोलले, तेव्हा ते खासदारही नव्हते. आजच्या उद्योगपती खासदारांपैकी असं कोण बोलतं?

- एक वाचक, चिंचवड