डमलोटीचं पाणी आणि एक तांब्याचा हंडा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की आपल्या दैनिकात फाळणीवर लेख येतात. २०२१ पासून १४ ऑगस्ट हा विभाजन विभीषिका स्मृती दिन म्हणून पाळला जातो, तेव्हापासून जरा जास्तच येतात. मी ते सगळे वाचते, काही कापूनही ठेवते. त्यांत लाहोर-अमृतसरच्या गाड्या असतात, बंगाल असतो, सिंधी कुटुंबांबद्दलही असतं. पण कराचीहून आलेल्या मराठी घरांबद्दल एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. माझं माहेर त्यांतलं एक. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर समजून घ्यावं.

माझ्या लहानपणी आमच्या घरात एक शब्द होता, 'डमलोटी'. नळाला चांगलं, गोड पाणी आलं की आजी म्हणायची, "आज अगदी डमलोटी आलंय." पावसाळ्यात गढूळ आलं की, "हे कसलं पाणी, डमलोटीची सर नाही." आम्ही भावंडंही तसंच म्हणायचो. शाळेत एकदा मैत्रिणीच्या घरी पाणी पिऊन मी "डमलोटी आहे" म्हटलं, तर कुणाला काही कळेना. मला वाटलं, आजीनेच बनवलेला शब्द असणार. आज्यांचे असे शब्द असतात. पुढे आजी गेली, शब्दही मागे पडला.

पन्नाशी उलटल्यावर कराचीबद्दल काहीतरी वाचत होते. त्यात आलं, की शहरापासून दूर मलीर नदीकाठी विहिरी खणून त्यांचं पाणी कालव्याने कराचीत आणलं होतं, १८८३ च्या सुमारास. त्या जागेचं नाव डमलोटी. मी तशीच उठून बाबांना फोन केला. बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, मग तुला काय वाटलं, आई मनचं सांगायची?"

पणजोबा रेल्वेत नोकरीला म्हणून सिंधमध्ये गेले. आजी १९१२ साली कराचीतच जन्मली, तिथेच वाढली, लग्नही तिथेच झालं. आजोबा बंदरावर कारकून होते. रणछोड लाईनजवळ भाड्याचं घर, दुसरा मजला. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा प्रांत झाला. त्यामुळे मुंबई-पुण्याकडून शिक्षक, कारकून, रेल्वेची माणसं कराचीला जात, ती परदेशी गेल्यासारखी नव्हे, बदलीवर गेल्यासारखी. बंदर रोडवरची नारायण जगन्नाथ हायस्कूल ही शाळा १८५५ ची. शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून सिंधमध्ये गेलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थांचं नाव तिला आहे. आजही ती त्याच नावाने चालते. बाबा त्या शाळेत होते. बंदर रोडच्या ट्राममधून किआमारीपर्यंत जाऊन जहाजं बघत बसायचं, ही त्यांची रविवारची करमणूक.

फाळणीत पंजाब आणि बंगाल वाटले गेले. सिंध अख्खाच पलीकडे गेला. कराचीत जवळपास निम्मी वस्ती हिंदूंची होती आणि ऑगस्ट ४७ मध्ये तिथे पंजाबसारखं काही झालं नाही. आजोबा सांगत, "आम्हाला वाटलं, झेंडा बदलला, ऑफिस तेच." ते टिकलं ६ जानेवारी १९४८ पर्यंत. मुंबईच्या जहाजाची वाट पाहत शहरात आलेल्या शिखांना रतन तलावाच्या गुरुद्वारात उतरवलं होतं, तिथे जमाव घुसला. मग हिंदूंच्या घरांची लूट सुरू झाली.

त्या दिवसाबद्दल बाबा आयुष्यभर गप्प होते. सत्तरी उलटल्यावर एकदाच बोलले, तेही एवढंच. ते तेरा वर्षांचे होते. खिडकीची फळी जराशी किलकिली करून ते आणि काका बघत होते. खालच्या गल्लीतून एक माणूस डोक्यावर लाकडी पाळणा उलटा घेऊन पळत गेला. पाळण्याची एक साखळी सुटली होती आणि फरशीवर खडखडत चालली होती. माणूस दिसेनासा झाला तरी ती साखळी ऐकू येत होती. "पाळणा कोणाचा होता ते आम्हाला माहीत होतं," म्हणाले, आणि उठून आत गेले. कोणाचा, ते मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

जानेवारीच्या शेवटी ते निघाले. दोन ट्रंका, एक वळकटी, देवघरातले देव आजीच्या पदरात. किआमारीवर सामानाची झडती झाली आणि शिवणयंत्र ठेवून घेतलं. जहाज मुंबईला लागलं आणि दोनच दिवसांत गांधीजींची हत्या झाली. जायचं होतं सातारा जिल्ह्यातल्या मूळ गावी, आजोबांच्या चुलत्यांकडे. हत्येनंतर त्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात तेही घर गेलं. मग गिरगावात एका नातेवाइकांच्या एका खोलीत अकरा माणसं, दीड वर्ष.

आता माझं खरं म्हणणं. आजीला जन्मभर लोक एकच वाक्य ऐकवत आले: "तुमचं काय, तुम्ही आपल्या मुलखात परत आलात." ते चांगल्या मनानेच म्हणायचे. पण परत येण्यासाठी आधी इथून गेलेलं असावं लागतं. आजीने सातारा पाहिला नव्हता. सह्याद्री तिने छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. तिचं माहेर, सासर, तिची मंगळागौर, तिची बाळंतपणं, सगळं कराचीत. ती मराठी बोलत होती एवढ्यावरून सगळ्यांनी धरून चाललं की तिचं काही गेलेलं नाही. हळूहळू तिनेही तसंच धरून चालायला सुरुवात केली.

आजोबांनी निर्वासित म्हणून नाव नोंदवलं नाही. "आपण आपल्या माणसांत आलो, आपण कसले निर्वासित?" हा त्यांचा स्वाभिमान. मला त्याचा आदर आहे, पण त्यामुळे आमचं घर कुठल्याच यादीत नाही. पुढे विस्थापितांच्या दाव्यांचे कायदे झाले, १९५० चा, मग १९५४ चा. पण ते मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल होते. आमचं घर भाड्याचं. भाड्याच्या घराचा दावा कसला करणार? शाळेचा दाखला कराचीहून आला नाही, म्हणून इथल्या शाळेने बाबांना एक इयत्ता खाली बसवलं. ते एक वर्ष बाबांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

बाबा ऐंशीचे असताना एका कार्यालयात कसलासा दाखला काढायला मी त्यांना घेऊन गेले. फॉर्मवर जन्मस्थळ 'कराची' वाचून तिथल्या मुलाने पुढे 'पाकिस्तान' लिहिलं. बाबा एरवी कुणाशी वाद घालणारे नव्हेत. त्या दिवशी काउंटरवर हात टेकून म्हणाले, "माझा जन्म १९३४ चा. तेव्हा पाकिस्तान नव्हतं. मुंबई इलाखा लिहा." मुलगा म्हणाला, असा पर्याय नाही. मागच्या रांगेतून आवाज यायला लागले. मी बाबांचा दंड धरला आणि म्हटलं, "बाबा, असू दे ना." ते असू दिलं याचं मला आजही वाईट वाटतं. २०१६ साली बाबा गेले.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. १९६६ असेल, मी आठ वर्षांची. आम्ही डोंबिवलीला राहायला आलो होतो. आजी मला लोकलने उल्हासनगरला घेऊन गेली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधमधून आलेल्यांना ठेवलं होतं, त्यांचंच ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर झालं. पण आमच्याकडे सगळे 'कॅम्प' म्हणायचे आणि अजूनही म्हणतात. बाजारात एक बाई जमिनीवर गोणपाट टाकून पापड आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन बसल्या होत्या. आजी त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "अदी, किथां जी आहीं?" ताई, तू कुठली. त्या बाईंनी वर पाहिलं. नऊवारीतली, मोठं कुंकू लावलेली मराठी बाई सिंधी बोलत होती. त्या म्हणाल्या, "शिकारपुर जी." मग दोघी जे बोलायला लागल्या ते मला एक अक्षर कळेना. आजीचा आवाज वेगळा, भरभर बोलणं वेगळं. हात उडवून बोलत होती, जी घरी कधी हात उडवून बोलली नव्हती. गिऱ्हाईकं येऊन थांबत होती, त्या बाईंचं लक्ष नव्हतं. निघताना त्यांनी पापडाचे पैसे घेतले नाहीत. आजीने ते गोणपाटाच्या कडेखाली सरकवले. येताना गाडीत आजी खिडकीशी बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती, सिंधीत. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ती कॅम्पात जायची. घरी सांगायची, पापड संपले.

सिंधी समाजाने निदान आपलं दुःख आपापसांत बोलून ठेवलं. 'निर्वासित' म्हटलं की त्यांना राग यायचा, 'पुरुषार्थी' म्हणा असं ते सांगायचे, आणि ते खरंच होतं. मराठी घरं मात्र एकेकटी पांगली. कुणी गिरगावात, कुणी पुण्यात, कुणी बडोद्याला. एका घरात कराची म्हणजे एक शब्द उरला, दुसऱ्या घरात एखादी आमटी, तिसऱ्या घरात काहीच नाही. काही मराठी घरं तर कराचीतच राहिली. त्यांची पुढची पिढी आजही तिथे गणपती बसवते, आरत्या म्हणते. त्यांच्याबद्दल आपल्याला जेवढं कुतूहल वाटतं, तेवढं शेजारच्या ब्लॉकमधल्या कराचीकर आजोबांबद्दल वाटत नाही.

४८ साली जे आठ वर्षांचे होते, ते आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आपल्या वाचकांत अशी माणसं आहेत, याची मला खात्री आहे. त्यांच्या मुला-नातवंडांना माझी विनंती आहे. त्यांना फाळणीबद्दल विचारू नका. तो शब्द ऐकला की माणूस वर्तमानपत्रातलंच सांगायला लागतो. पाणी कुठून यायचं ते विचारा. दूध कोण घालायचं, शाळेत कुठल्या रस्त्याने जायचात, जिन्याला पायऱ्या किती, ते विचारा. आणि ते सांगतील ते लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या शब्दांत. ट्रंकेतले कागद रद्दीत घालू नका. आजोबांची जमाखर्चाची वही आणि अकरा पत्रं मी एका ग्रंथालयाला द्यायला गेले होते. जागा नाही, म्हणाले. परत आणून कपाटात ठेवली आहेत. आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान जरी अशा आठवणींना दिलं, तर ही घरं एकमेकांना सापडतील. संपादक महोदय, हे मी मनापासून मागते आहे.

त्या अर्ध्या पानासाठी माझ्याकडून पहिली चौकशी अशी. निघताना आजीचा लग्नातला तांब्याचा हंडा जहाजावर नेण्यासारखा नव्हता. डमलोटीचं पाणी त्यातच भरलेलं असायचं. तो तिने खालच्या मजल्यावरच्या सिंधी शेजारणीकडे ठेवायला दिला. आजी त्यांना फक्त 'अदी' म्हणायची, त्यामुळे आमच्याकडे त्यांचं नावही नाही. दोन-तीन महिन्यांनी ते कुटुंबही कराची सोडून इकडे आलं, एवढं कुणाकडून तरी आजीच्या कानावर आलं होतं. कल्याणला उतरले, की पिंपरीला, की कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत, जिचं पुढे गांधीनगर झालं, ते कळलं नाही. आजी कॅम्पात जायची ती पापडासाठी, आणि बहुधा त्यांच्यासाठीही. १९९१ साली ती गेली, तोवर त्या भेटल्या नव्हत्या.

हंड्याच्या गळ्याखाली ठोकून काढलेली अक्षरं होती, आजीचं लग्नातलं नाव आणि पुढे 'कराची, शके १८५२'. एका बाजूला पोचा आहे, बाबा लहानपणी जिन्यावरून घेऊन पडले तेव्हाचा. कुणाच्या घरी असा हंडा असेल, माळ्यावर असेल, तर कळवावं. मला तो परत नको. एकदा बघायचा आहे, आणि ज्यांनी तो सांभाळला त्यांच्याकडून त्या 'अदीं'चं नाव विचारून घ्यायचं आहे. मोडीत घातला असेल, तर तसंही कळवावं.

आपली,
एक जुनी वाचक,
डोंबिवली (पूर्व)