मागून उंच गाडी हवी, तर चॅसी कापू नका

मा. संपादक,
स. न.

कॉलेज रोड, गंगापूर रोडवर मागून उचललेल्या जुन्या गाड्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. एखादी अँबेसेडर, एखादी पद्मिनी, क्वचित कॉन्टेसा. नाक खाली, डिकी वर, मागे रुंद चाके. अमेरिकेतल्या सत्तरच्या दशकातल्या मसल कारची, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाच्या गाड्यांची, ही ढब आहे आणि ती भुरळ घालते यात नवल नाही. पण ती आणण्याच्या नादात चांगल्या गाड्यांची वाट लागते आहे, म्हणून हे पत्र.

ही उंची मुळात शोभेसाठी नव्हती. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ आणली आणि मसल कारचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. पाव मैलाच्या सरळ शर्यतीत ही ताकद रस्त्यावर उतरायची, तर मागे रुंद आणि उंच टायर हवेत. सुटताना गाडी मागे बसते, तेव्हा ते टायर मडगार्डच्या कडेला घासतात. म्हणून मागचा भाग वर. त्याआधीच्या ‘गॅसर’ नावाच्या शर्यतीच्या गाड्या नेमक्या उलट, पुढून उंच असत. हेतू हा की सुटताना वजन मागच्या चाकांवर यावे. १९३२ च्या फोर्डवर बांधलेल्या हॉट रॉडमध्ये (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाडीत) पुढे लहान आणि मागे मोठे चाक लावूनच उतार साधत. पुढे तेलटंचाई आली, इंजिने मवाळ झाली, ढब मात्र राहिली आणि लोक नुसत्या दिसण्यासाठी लांब शॅकल (मागच्या स्प्रिंगचे टोक चॅसीला टांगणारी पट्टी) आणि हवेचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर लावू लागले. त्यातले ‘हायजॅकर’ फार गाजले ते गॅब्रिएल कंपनीचे. आपल्या नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतला माणूस हे नाव चांगले ओळखतो.

आता आपल्याकडचे. अँबेसेडर आणि पद्मिनीला मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. कॉन्टेसाला कॉइल स्प्रिंग, तिचे गणित वेगळे. पुढचे सारे कमानपाट्यांच्या गाड्यांविषयी आहे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लांब शॅकल. शॅकल जितकी लांबवाल त्याच्या निम्मीच उंची एक्सलवर मिळते. म्हणजे ३ इंच उचलायचे तर शॅकल ६ इंचांनी लांब हवी. इतक्या लांब पट्ट्या बाजूच्या धक्क्याने डुलतात आणि वळणावर गाडीचा मागचा भाग स्वतःच दिशा बदलू पाहतो. शिवाय पाट्याचे मागचे टोक खाली गेल्याने एक्सल फिरतो आणि डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचे) नाक वर होते. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचे नाक समांतर राहिले, तरच मधल्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस (सांधे) एकमेकांचा हिसका नाहीसा करतात. ते बिघडले की ठरावीक वेगाला गाडीच्या तळातून घरघर येते. लोक टायर बॅलन्स करत बसतात आणि इकडे क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर, गंजासारखी भुकटी जमू लागते. ती दिसली की समजावे, आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत.

दिव्यांकडे तर कोणीच पाहत नाही. अँबेसेडरच्या दोन एक्सलमधले अंतर सुमारे २४६४ मिमी. मागून ३ इंच उचलले की सारी गाडी पावणेदोन अंश पुढे झुकते. दिवा जमिनीपासून ६५ सेंमीवर आहे आणि डिपरचा झोत शंभराला एक या उताराने लावला आहे असे धरा. तो ६५ मीटरवर जमिनीला टेकायचा, तो आता १६ मीटरवरच टेकतो. ताशी ६० च्या वेगात हे अंतर एका सेकंदात संपते. कसारा घाटात रात्री याचा अर्थ काय, ते सांगायला नको. दिवे वर करून घेतले तरी प्रश्न सुटत नाही. वणीच्या गडाला जाताना मागे तिघे बसले, डिकी भरली, की मागचा भाग खाली येतो आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्याच पावणेदोन अंशांनी कॅस्टरही, म्हणजे पुढची चाके ज्या आसावर वळतात त्याचा मागे कललेला कोन, घटतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचे, ते सुस्त होते.

आमचे मत स्पष्ट आहे: रस्त्यावरच्या गाडीला एक इंच पुरे. जुन्या गाडीचे पाटे दबून बसलेलेच असतात, म्हणून आधी सपाट जागी, टाकी भरून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. मग पाटे उतरवून मूळ कमान भरून घ्या. हे थंड असतानाच ठोकून करावे. कोणी गॅसने लाल करून वाकवले आणि पुन्हा नीट पाणी दिले नाही (म्हणजे पोलाद पुन्हा कडक केले नाही), तर काही महिन्यांत ते परत बसतात किंवा तुटतात. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा धरत नाही. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसा, जॅकवर असताना नव्हे. नाहीतर रबरी बुश कायम पिळलेले राहून फाटतात. ५०० किमीनंतर सारे पुन्हा कसून घ्या. बाकीचा उतार टायरमधून काढा. १४ इंची रिमवर १६५/६५ आणि १६५/८० यांच्या व्यासात सुमारे ५० मिमी फरक आहे, म्हणजे उंचीत २५ मिमी. मात्र कंपनीने त्या गाडीसाठी कोणते आकार मंजूर केले आहेत ते आधी पाहा.

कायद्याची बाजू छोटी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ मापाशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरे नुकसान दंडाचे नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, अट ही की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. पन्नाशी ओलांडलेल्या फियाट आणि अँबेसेडर आज या दारात उभ्या आहेत. मागच्या मडगार्डची कड कापली, चॅसीला ब्रॅकेट वेल्ड केले, की तो मान गेला. पाटे, बुश, टायर उद्या परत मूळचे बसवता येतात.

कोणी अशी उचललेली गाडी विकत घेणार असेल, तर ती रॅम्पवर चढवून मागची चाके लोंबकळत सोडावीत आणि ब्रेकचा रबरी होज बघावा. तो तारेसारखा ताठ झाला असेल, तर तेवढ्यावरच व्यवहार थांबवावा.

आपले,
जुन्या गाड्यांचे काम करणारे काही मेकॅनिक, सातपूर, नाशिक